मरणाचे चक्रवाढ व्याज

चक्रवाढीने मुदतठेव वाढते आणि कर्जही वाढते, हे कुठलाही कारकून झोपेत सांगेल. पण माणसाचे मरणसुद्धा त्याच हिशेबाने वाढते, हे सांगायला लंडनचा एक विमेवाला जन्मावा लागला. बेंजामिन गॉम्पर्ट्झ, जन्म १७७९. ज्यू असल्यामुळे विद्यापीठाचे दार बंद. तेव्हा गडी आपला आपणच गणित शिकला आणि १८१९ साली रॉयल सोसायटीचा फेलो होऊन बसला. आम्ही रीतसर बी.कॉम. झालो आणि काउंटरवर बसलो. असो.

१८२४ साली रॉथ्सचाइल्ड आणि माँटेफिऑर यांनी अलायन्स नावाची विमा कंपनी काढली. हे मोझेस माँटेफिऑर म्हणजे गॉम्पर्ट्झच्या बायकोचे सख्खे भाऊ. मेहुण्याच्या वशिल्याने चिकटला म्हणावे, तर कामही तसेच चोख! विमेवाल्याला विवंचना एकच: गिऱ्हाईक जाणार कधी? मृत्यूचे तक्ते चाळून १८२५ साली त्याने मांडले, की प्रौढपणी मरणाचा धोका दरवर्षी ठराविक पटीने वाढतो. आजच्या हिशेबाने साधारण आठ वर्षांत दुप्पट. तिशीतला धोका अडतिसाव्या वर्षी दुप्पट, शेहेचाळिसाव्या वर्षी चौपट, चोपन्नाव्या वर्षी आठपट. (माझे वय विचारू नका.)

मरणाला तोंड द्यायची ताकद झिजत जाते, असे त्याने धरले. पण झिजते म्हणजे काय झिजते? शास्त्रज्ञांनी हृदय, मूत्रपिंड, पेशी असे एकेक टेबल वाटून घेतले. आता, फाईल का अडली हे एकाच टेबलावर विचारून कधी कळते का? म्हणून पुढे सबंध कचेरीच एकदम बघणारे निघाले. त्यांतल्या स्ट्राउस्ट्रप, फोंटाना या हार्वर्डच्या मंडळींनी कागदपत्रांचे साधे स्कॅनर थोडे बदलून त्यांवर मिलिमीटरभर लांबीचे जंत ठेवले आणि हजारो जंतांच्या मृत्यूची वेळ नोंदवली. हजेरीपटच म्हणा ना! उष्णता वाढवा, खाणे बदला, जनुक बदला. बहुतेक वेळा मृत्यूचा अख्खा आलेख लेंग्याच्या इलॅस्टिकसारखा सारख्या प्रमाणात ताणला तरी जाई किंवा आखडे. लवकर जाणारे आणि रेंगाळणारे, दोघांनाही एकच पट. कारणे अनेक, पण घड्याळ जणू एकच. हे छापून आले २०१६ साली.

गॉम्पर्ट्झ १८६५ साली शहाऐंशीव्या वर्षी गेला. मेहुणे मात्र १८८५ पर्यंत टिकले, चांगली शंभरी ओलांडून. त्यांना कोणी तहहयात पेन्शन लावून दिली नसावी, एवढीच आशा.