समारंभातील पेये : गुजरातमधील मराठी कुटुंबांसाठी

घरात कार्य ठरले की महाराष्ट्रातले पाहुणे हमखास विचारतात, "येताना बाटली आणू का?" कामरेजला याचे उत्तर एकच : नको. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातने कायम ठेवला. विनापरवाना दारू आणणे, बाळगणे आणि पिणे हे तिन्ही येथे गुन्हे आहेत. महाराष्ट्रातला परवानाही इथे चालत नाही. म्हणून आम्ही सुचवतो, आमंत्रणासोबतच हे कळवावे. नवापूर ओलांडल्यावर सांगून उपयोग नाही.

प्रसंगानुसार आपली पेये अशी :

चैत्रातले हळदीकुंकू : कैरीचे पन्हे, गूळ आणि वेलची घालून.

लग्नाची पंगत : मठ्ठा, आले, जिरे, कोथिंबीर लावून. जड जेवणानंतर हाच बरा.

कोजागिरी : केशर-चारोळीचे आटवलेले मसाला दूध.

हिवाळ्यातले पाहुणे : नीरा, दक्षिण गुजरातची खासियत. पहाटे ताजी आणावी, लगेच प्यावी. ऊन चढले की ती आंबते, तिची ताडी होते आणि मग तिलाही हाच कायदा लागतो.

पाहुण्यांना नीरा पाजायची तर त्यांना लवकर उठवावे लागेल, एवढेच.