न झालेला सौदा

हिवाळा आला की बेसबॉलवेडे पुढच्या वर्षीचा संघ कागदावर मांडायला बसतात. मीही बसतो, आणि दरवेळी २००३ आठवतं. त्या ऑक्टोबरात बॉस्टन रेड सॉक्सने मॅनी रामिरेझला 'पगारासकट कुणीही न्या' म्हणून मोकळं सोडलं. कुणी नेलं नाही! डिसेंबरात त्याला टेक्सासला देऊन अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला आणायचं जवळजवळ ठरलं. अ‍ॅलेक्स पगार कमी करायलाही तयार होता. खेळाडूंच्या संघटनेने मोडता घातला. फेब्रुवारी २००४ मध्ये तो गेला थेट हाडवैऱ्याकडे, न्यूयॉर्क यांकीजकडे.

त्या ऑक्टोबरात यांकीजविरुद्ध ०-३ असं मागे पडूनही बॉस्टन जिंकलं. मग वर्ल्ड सिरीजही, १९१८ नंतर पहिल्यांदाच. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू? नकोसा झालेला मॅनी!

असो. माझी यंदाची यादी तयार आहे... पण पेन्सिलीने लिहिलीय.