पाच टनांचा हिशेब

यवतमाळच्या स्टेशनात शकुंतलेची वाट पाहताना आम्ही तिच्या संथपणाची थट्टा करायचो. त्या संथपणामागचा हिशेब मला उमगला तो बार्शी लाइट रेल्वेचा अभ्यास करताना.

कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हा त्यांचा नियम. भार कमी म्हणून रूळ हलके आणि रूळ हलके म्हणून खर्च थोडा. लीड्सच्या किटसन कारखान्याने इंजिने याच मापात घडवली. पुढे आठ जोडचाके, मागे चार लहान चाके. वजन सहा आसांवर वाटलेले. ही टाकी इंजिने होती. पाणी आणि कोळसा अंगावरच, मागे टेंडर नाही. त्यामुळे इंजिन न वळवताही उलट दिशेने गाडी ओढता येई. मात्र पाणी बेताचे, म्हणून लांबचा पल्ला एका दमात जमत नसे.

आमचा यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गही अडीच फुटीच, कापसासाठी टाकलेला. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेले वाफेचे इंजिन इथे १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. आज आम्ही ब्रॉडगेजची वाट पाहतो आहोत, ते योग्यच. पण ज्या गावांसाठी मोठ्या लाइनचा खर्च त्या काळी कुणी केला नसता, तिथे रेल्वे पोचली ती स्वस्त, अरुंद रुळांवरूनच. शकुंतलेचे मोल ठरवताना तिच्या वेगाआधी ही गावे मोजायला हवीत.