आगीचे दोन तास, शरीराचे तीन दिवस

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर बॉम्बे हाय तेलक्षेत्र आहे. त्याच्या शेजारच्या वसई क्षेत्रातला वायू समुद्राखालच्या नळांतून थेट सुरतेजवळच्या हजीऱ्याला पोचतो. अशा नळांची देखभाल-दुरुस्ती पाणबुडे करतात. बॉम्बे हायला पाणी सत्तर-पंचाहत्तर मीटर खोल. तिथे रोज वर-खाली करणं परवडत नाही, म्हणून पाणबुडे जहाजावरच्या पोलादी चेंबरमध्ये तळाजवळच्याच दाबाखाली मुक्काम करतात. 27 जुलै 2005 रोजी ओएनजीसीच्या ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावर असे सहा जण होते.

26 जुलै
मुंबई बुडाली. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस.

पाणबुड्यांच्या त्या चेंबरमधलं गणित मात्र वेगळं असतं. दाबाखाली श्वासातला वायू, इथे मुख्यतः हेलियम, शरीरात मुरतो. रक्तात लवकर, चरबीत सावकाश. जॉन हाल्डेन यांनी 1908 मध्ये त्याची पहिली कोष्टकं मांडली. मनगटावरचे आजचे डाइव्ह कॉम्प्युटर हाच हिशेब क्षणोक्षणी करतात. अशा हिशेबाच्या ब्यूलमान यांच्या प्रारूपात सर्वांत संथ पेशीगटाचा हेलियमसाठीचा अर्धकाळ, म्हणजे उरलेली निम्मी जागा भरण्याचा वेळ, सुमारे 240 मिनिटं. असे सहा अर्धकाळ उलटले, म्हणजे साधारण एक दिवस गेला, की शरीर भरलं. मग एक आठवडा राहा की चार, दाब सावकाश उतरवत परतायला लागणारा वेळ तेवढाच. ठोकताळा असा: दर तीस मीटरला एक दिवस, वर आणखी एक. सत्तर मीटरसाठी तीन दिवसांहून जास्त.

27 जुलै, दुपार
जहाजावरच्या आचाऱ्याच्या दोन बोटांची टोकं तुटतात. त्याला उपचारांसाठी बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर पोचवायचं ठरतं. अशा हवामानात हेलिकॉप्टर मिळण्यासारखं नाही. वारा 35 नॉट, लाटांची उसळ पाच मीटर, प्रवाह तीन नॉट. प्लॅटफॉर्मची वाऱ्याआडची क्रेन बंद, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ येतं. जहाज जागेवर धरणारे थ्रस्टर नीट साथ देत नाहीत. जहाज हाताने सांभाळत, मागच्या अंगाने आत घेतलं जातं. क्रेनच्या टोपलीतून आचारी सुखरूप वर जातो.

4.05
दूर सरताना उसळीने जहाज प्लॅटफॉर्मकडे ढकललं जातं. हेलिपॅडची मागची कड वायूच्या रायझरवर, म्हणजे उभ्या नळावर आदळते. नळ फुटतो आणि वायू लगेच पेट घेतो. रायझरला ना धडकेपासून पुरेसा आडोसा, ना आगीपासून पुरेसं संरक्षण. आपत्कालीन झडपा बंद झाल्या तरी काही नळांची लांबी 12 किलोमीटरपर्यंत. तेवढा साठा आगीला मिळतच राहतो.

सुमारे 6
दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळतो. आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरतात. अनेकांना समुद्रात उड्या घ्याव्या लागतात.

‘समुद्र सुरक्षा’ही पेटलेलं असतं. कर्मचारी जहाज सोडतात. चेंबरमधले सहा जण मागे राहतात.

त्यांना दार उघडून पळता येत नाही. सत्तर मीटरच्या दाबाला साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून सुमारे वीस टनांचा रेटा असतो. तो एकदम सुटला, तर शरीरात मुरलेला वायू जागच्या जागी उकळतो. उत्तर समुद्रात ‘बायफर्ड डॉल्फिन’ रिगवर 1983 मध्ये नऊ वातावरणांचा दाब क्षणात एकावर आला, तेव्हा चार पाणबुडे आणि एक मदतनीस मरण पावले. चेंबरमधला प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, उष्णता, जेवण, सगळं बाहेरच्या माणसाच्या हातात असतं. हेलियम हवेच्या सहापट वेगाने ऊब ओढून नेतो, त्यामुळे उष्णता बंद पडणं हाही जिवाशी खेळ.

रात्र आणि 28 जुलै
नौदल, तटरक्षक दल आणि आसपासची जहाजं खवळलेल्या पाण्यातून माणसं वेचतात. 384 पैकी 362 वाचतात. 22 जण मृत किंवा बेपत्ता.

सुमारे 36 तासांनंतर
सहाही पाणबुड्यांची सुटका होते.

1 ऑगस्ट
ओढून आणलं जात असलेलं ‘समुद्र सुरक्षा’ मुंबईजवळ बुडतं.

चौकशीच्या चर्चेत क्रेन, थ्रस्टर, रायझर आले, आणि ते यायलाच हवे होते. पण त्या दुपारी ज्यांना लगेच बाहेर पडता येणार नव्हतं, अशी सहा माणसं पोटात घेऊन एक जहाज उसळत्या समुद्रात वायूच्या नळांना भिडायला निघालं. दाबाखाली माणसं असतील तर ते जहाज इतर जहाजांसारखं मोकळं नसतं. दोन बोटांसाठी किती धोका पत्करायचा, याचं उत्तर आधी त्या सहा जणांना मोजून मगच द्यायला हवं होतं.