पिशवीतला कुबट वास : धूळ, दमा आणि उशीच्या एका अभ्र्याचा इतिहास

१/१२
आजचा धागा एका वासाविषयी आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या चोर बाजारात मला जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची एक कापडी पिशवी मिळाली. यंत्र केव्हाच भंगारात गेले असावे. उरली होती ती ही काळपट, जाड विणीची पिशवी. तिच्यावर पुसट झालेली काही छापील अक्षरे होती. घरी आणताच खोलीभर कुबट वास पसरला. मी उत्साहाच्या भरात ती रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवली. सकाळी बादलीतले पाणी निळे-काळे झाले होते आणि कापडावर एकही अक्षर उरले नव्हते.

२/१२
त्या पिशवीची ओळख सांगणारा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती असेल? पुढचे काही महिने मी दोन प्रश्नांचा पाठपुरावा केला. अशा पिशव्यांना हा वास का येतो? आणि वस्तूला इजा न करता तो घालवायचा कसा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर या यंत्राच्या जन्मकथेतच दडलेले आहे.

३/१२
कथेचा आरंभ १९०१ साली लंडनमध्ये होतो. ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने तेथे हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. धूळ उडत होती आणि पुन्हा खाली बसत होती. बूथ यांच्या मनात उलटा विचार आला : धूळ उडवण्याऐवजी ओढून घेतली तर? एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर त्यांनी हातरुमाल ठेवला आणि तोंडाने जोरात हवा ओढली. त्यांना ठसका लागला. पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा ठिपका उमटला होता.

४/१२
हा ठिपका महत्त्वाचा आहे. विणलेल्या कापडातून हवा पार होते आणि धूळ अडते, हे तत्त्व त्या रुमालाने सिद्ध केले. बूथ यांचे यंत्र मात्र अवाढव्य होते. ते घोडागाडीवरून दारापर्यंत येई आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ करण्यात आले. सामान्य घरापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र या तत्त्वाला लहान देह हवा होता.

५/१२
तो देह दिला जेम्स मरे स्पँगलर यांनी. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन या गावी, ते एका मोठ्या दुकानात झाडलोट करीत. वय साठीला टेकलेले आणि सोबत दम्याचा विकार. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांचा श्वास कोंडे. १९०७ साली त्यांनी विजेच्या पंख्याची मोटर, एक खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जुळवून एक यंत्र घडवले. २ जून १९०८ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले. जगभरातील कापडी पिशव्यांचे कुळ त्या अभ्र्यापाशी जाऊन पोहोचते.

६/१२
स्पँगलर यांच्यापाशी भांडवल नव्हते. त्यांच्या परिचयातील सुसान हूव्हर यांनी यंत्र वापरून पाहिले आणि आपले पती विल्यम हूव्हर यांना त्याचे महत्त्व पटवले. हूव्हर कुटुंबाचा व्यवसाय घोड्यांच्या चामडी साजाचा. मोटारगाड्यांच्या आगमनाने त्याचे भवितव्य अंधुक झाले होते. १९०८ सालीच त्यांनी पेटंटचे हक्क घेतले आणि दहा दिवस घरी वापरून पाहण्याची विनामूल्य संधी देणारी जाहिरात केली. स्पँगलर १९१५ साली निवर्तले. पुढे इंग्लंडमध्ये 'हूव्हर' हे चक्क क्रियापद झाले. स्पँगलर हे नाव विस्मृतीत गेले.

७/१२
आता वासाकडे वळू. या घराण्यातील बहुतेक उभ्या यंत्रांत धूळ प्रथम पंख्यातून जाई आणि नंतर पिशवीत फेकली जाई. पिशवी हवेने फुगे. हवा विणीतून बाहेर पडे, खडबडीत कचरा आत राही. परंतु अतिसूक्ष्म धूळ धाग्यांच्या फटींत रुतून बसे. पिशवी कितीही झटकली तरी हा थर पूर्णपणे निघत नसे. त्या धुळीत माणसाच्या त्वचेचे कण, केस, लोकर, पाळीव प्राण्यांचे रोम आणि बुरशीचे बीजाणू असत. म्हणजे अन्नही तेथेच आणि खाणारेही तेथेच. उणीव असे ती केवळ ओलाव्याची.

८/१२
यंत्र अडगळीत गेले की ओलावाही मिळतो. सभोवतालची आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते आणि बाष्परूपाने काही रसायने हवेत सोडते. त्यांनाच आपण कुबट वास म्हणतो. अशा वासांत कधी कधी 'जिओस्मिन' या संयुगाचाही वाटा असतो. १९६५ साली नाव मिळालेले हे संयुग पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधातही असते. अंगणात जो गंध आपल्याला सुखावतो, त्याचाच एक अंश बंद पेटीत नकोसा होतो.

९/१२
येथे एक गंभीर सूचना. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडेन येथील संशोधकांनी घरातील धुळीची ॲलर्जी आणि धुळीतील सूक्ष्म माइट्स यांचा संबंध दाखवून दिला. दम्याने त्रस्त माणसाने श्वासासाठी शोधलेले यंत्र, कापड पुरेसे दाट नसेल तर, तीच सूक्ष्म धूळ पुन्हा खोलीत सोडत होते! म्हणून जुनी पिशवी नाकाशी नेऊन हुंगू नका. यंत्राला लावून ते सुरूही करू नका. एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालूनच तिला हात लावा. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

१०/१२
आता कृती. प्रथम पिशवीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. अक्षरे, शिवण, ठिगळे टिपून ठेवा. आतल्या धुळीचा चिमूटभर नमुना लहान बाटलीत जपा. कोरड्या दिवशी, घराबाहेर, पिशवी उलटी करा. तिच्यावर बारीक जाळी ठेवून हेपा गाळणी असलेल्या आधुनिक व्हॅक्यूम क्लीनरने, अगदी मंद ओढीवर, दोन्ही बाजू स्वच्छ करा. वस्त्रसंवर्धक जुनी वस्त्रे याच पद्धतीने साफ करतात. वास धुळीत आहे. धूळ गेली की त्याचा मोठा भाग जातो. मग पिशवी सावलीत, वाहत्या हवेत काही दिवस टांगा. कडक उन्हात दीर्घकाळ ठेवल्यास रंग विटतो आणि धागा कमजोर होतो.

११/१२
तरीही वास उरल्यास झाकणाच्या मोठ्या डब्यात पिशवी ठेवा. शेजारी उघड्या वाटीत सक्रिय कोळसा किंवा खाण्याचा सोडा ठेवा. तो कापडावर भुरभुरू नका, कारण विणीत अडकलेली पूड काढणे कठीण. आठवड्याला वाटीतील पदार्थ बदला आणि दोन-तीन आठवडे धीर धरा. अत्तर आणि डांबरगोळ्या वास झाकतात, घालवत नाहीत. ब्लीच सुती धाग्याला दुबळे करते. धुणे हा शेवटचा उपाय. त्याआधी ओल्या पांढऱ्या कापसाने एका कोपऱ्यात रंग सुटतो का ते पाहा. सुटला तर थांबा. चामड्याची पट्टी किंवा लोखंडी चाप असल्यासही पाण्यापासून दूर राहा. यंत्र चालवायचेच असेल तर नवी पिशवी लावा आणि मूळ पिशवी कोरड्या जागी जपा.

१२/१२
आपल्याकडे पावसाळ्यात हे काम काढू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. माझी धुतलेली पिशवी आज निर्गंध आहे आणि मुकीही. ती कोणत्या कारखान्यात शिवली गेली, कोणत्या घरातील धूळ तिने पोटात घेतली, हे आता कळण्याचा मार्ग नाही. जुन्या वस्तूवरचा मळ हा कित्येकदा तिचा शेवटचा दस्तऐवज असतो. तो काढावाच लागतो, कारण आपल्यालाही श्वास घ्यायचा असतो. पण काढण्यापूर्वी तो एकदा वाचावा, एवढेच सांगायचे होते. आपल्या घरातील माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल तर धुण्याआधी तिचे छायाचित्र जरूर पाठवा.