साक्ष आणि अन्वय : निद्रास्तंभाचा इतिहास

इंग्रजीतील 'नाइटमेअर' या शब्दाला मराठीत 'दुःस्वप्न' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. आजच्या इंग्रजी वापराच्या दृष्टीने तो योग्यच म्हणावा लागेल. परंतु या शब्दाचा इतिहास पाहू जाता तो दिशाभूल करतो. यातील 'मेअर' हे मुळात स्वप्नाचे नाव नव्हतेच. झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसणाऱ्या एका सत्त्वाचे ते नाव होते. (घोडी या अर्थाच्या 'मेअर'शी त्याचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही संबंध नाही.) ग्रीकांचा 'एफिआल्टेस' म्हणजे अंगावर झेप घेणारा, लॅटिनमधील 'इन्क्युबस' म्हणजे वर पडून राहणारा, फ्रेंच 'कोशमार'मध्ये दाबण्याची क्रिया आणि तेच 'मार' नावाचे सत्त्व एकत्र आले आहेत. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात मात्र या शब्दाच्या व्याख्येत सत्त्व उरलेले नाही; रात्री छातीवर जाणवणारा दाब, एवढाच विकार उरला आहे. पुढे हा दाबही गेला आणि कोणतेही भयावह स्वप्न या शब्दाने ओळखले जाऊ लागले. सत्त्व, विकार, स्वप्न असा हा अर्थप्रवास आहे. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर अनुभव घेणाऱ्याच्या साक्षीतील काही ना काही वगळले गेले. हे वगळणे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

ज्या अवस्थेविषयी ही साक्ष दिली जाते तिला निद्रास्तंभ म्हणता येईल. माणूस जागा होतो, डोळे उघडतात, खोली ओळखीची असते. परंतु हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर ओझे जाणवते आणि खोलीत कोणीतरी आहे अशी निःशंक खात्री वाटते. हे काही सेकंद किंवा फार तर काही मिनिटे टिकते. १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील जलद नेत्रचलनाचा टप्पा नोंदवला. या टप्प्यात श्वासपटल आणि डोळे यांचे स्नायू वगळता बहुतेक ऐच्छिक स्नायू शिथिल होतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. स्वप्नातील धावणे प्रत्यक्षात घडू नये यासाठीची ही शरीराची व्यवस्था आहे. जाणीव परतली आणि ही शिथिलता मात्र ओसरली नाही, की निद्रास्तंभ होतो. भरताने नाट्यशास्त्रात स्तंभ आणि स्वरभंग यांची गणना सात्त्विक भावांत केली आहे. तेथे स्तंभ हा भयादी भावांचा बाह्य आविष्कार असतो. येथे क्रम उलटा आहे: स्तंभ आधी येतो, आणि गोठलेल्या देहाला कारण शोधणारे मन त्या स्तंभाला साजेसे भय उभे करते. या अनुभवात अर्थ लावण्याची क्रिया नंतर सुरू होत नाही. ती अनुभवाच्या पोटातच सुरू झालेली असते.

या अर्थाच्या दोन परंपरा दीर्घकाळ समांतर वाहत राहिल्या. एक वैद्यकाची. गॅलेनच्या परंपरेतील वैद्य आणि पुढे 'काबूस' या नावाने याच विकाराचे वर्णन करणारे इब्न सीनासारखे वैद्य यांनी त्याचे मूळ अपचनात, शरीरातील दोषांत आणि मेंदूकडे चढणाऱ्या बाष्पांत शोधले. दुसरी परंपरा कथेची आणि धर्मशास्त्राची. तेराव्या शतकातील स्नोरी स्टुर्लुसन याच्या 'इंग्लिंगा सागा'त राजा वानलांडी याला 'मारा' झोपेत तुडवून ठार करते. तिला धाडण्यामागे त्याच्या परित्यक्ता पत्नीने गाठलेली चेटकीण असते. येथे एक महत्त्वाची जोडणी झालेली दिसते. छातीवरचे ओझे हे कोणाच्या तरी हेतूचे फळ आहे, असे एकदा मानले की त्या 'कोणाचा' शोध अटळ ठरतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'मालेयुस मालेफिकारुम'सारख्या ग्रंथांनी इन्क्युबसची चर्चा चेटकिणींच्या चौकशीशी बांधून टाकली, तेव्हा कथेतील ही जोडणी न्यायव्यवहारात उतरली.

तिचे परिणाम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, सेलम येथील १६९२ च्या खटल्यांत स्पष्ट दिसतात. २ जून रोजी ब्रिजेट बिशप हिच्यावर खटला चालला. जॉन लाउडर याने साक्ष दिली ती सात-आठ वर्षांपूर्वीच्या रात्रीची: तिच्या कोंबड्या बागेत शिरतात यावरून वाद झाला होता, त्यानंतर एका मध्यरात्री छातीवर मोठे ओझे जाणवून त्याला जाग आली, चांदण्यात ती पोटावर बसलेली दिसली, तिने गळा धरला, आणि प्रतिकार करण्याचे बळ त्याच्या हातांत उरले नाही. रिचर्ड कोमन यानेही तशीच हकीकत सांगितली; त्याला शेजारी झोपलेल्या पत्नीला उठवण्याइतकेही हलता वा बोलता आले नव्हते. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान दुरून करणे धाडसाचे असले, तरी या वर्णनांचे निद्रास्तंभाशी असलेले साम्य दुर्लक्षिता येणार नाही. १० जून रोजी ब्रिजेट बिशपला फाशी देण्यात आले. त्या खटल्यांत फाशी गेलेल्या एकोणीस जणांपैकी ती पहिली.

लाउडरच्या साक्षीची संहिता बारकाईने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. आपल्याला बिशप दिसली 'किंवा तिचे रूप' दिसले, अशी दुरुस्ती त्याने स्वतःच केली आहे. अनुभव आणि वस्तुस्थिती यांतील फट साक्षीदाराच्याच भाषेत शिल्लक होती. न्यायालयाने ती बुजवली. पुढे ऑक्टोबरमध्ये इन्क्रीज मॅदर याने छायारूपाच्या पुराव्यावर आक्षेप घेतला, तो नेमका या फटीवर बोट ठेवून: सैतान निरपराध व्यक्तीचेही रूप घेऊ शकतो. त्याने सैतान नाकारला नाही. साक्षीचा केवळ चुकीचा अन्वय नाकारला. त्याच महिन्यात गव्हर्नर फिप्स याने ते विशेष न्यायालय बरखास्त केले. बिशपचे नाव कायद्याने निर्दोष ठरण्यास मात्र २००१ साल उजाडावे लागले.

प्रबोधनकाळातील वैद्यकाने हा विषय न्यायालयातून काढून शरीरात परत आणला. स्वतः या विकाराने ग्रासलेल्या जॉन बॉन्ड याने १७५३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला आणि उताणे झोपण्याशी त्याचा संबंध जोडला. हे निरीक्षण आजही ग्राह्य मानले जाते. हेन्री फ्युसेलीचे 'द नाइटमेअर' हे चित्र १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. या विषयाची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा ठरलेल्या या चित्रात स्त्रीचे डोळे मिटलेले आहेत. छातीवरचे सत्त्व प्रेक्षकाला दिसते, तिला नाही. जिचा अनुभव आहे तिचीच दृष्टी काढून ती पाहणाऱ्याला दिली आहे. पुढच्या दीड शतकातील ज्ञानव्यवहाराने हेच केले. १९२८ मध्ये किनियर विल्सन याने 'स्लीप पॅरॅलिसिस' ही संज्ञा दिली. तिच्यात देहाची जखडण आली, पण खोलीतील 'कोणीतरी' गळाले. १९३१ च्या ग्रंथात अर्नेस्ट जोन्स याने भय, दाब आणि असहायता ही तीन लक्षणे अचूक टिपली, परंतु त्यांचा उगम दमित लैंगिक वासनेत शोधून साक्ष पुन्हा दुसऱ्याच कशाचे तरी चिन्ह ठरवली.

जे शास्त्राने गाळले ते या काळात साहित्याने जपले. मेलव्हिलच्या 'मोबी-डिक'च्या (१८५१) चौथ्या प्रकरणात इश्मेल बालपणीची एक घटना आठवतो: सावत्र आईने शिक्षा म्हणून दिवसाउजेडी झोपायला धाडलेले, अंधारात आलेली जाग, पांघरुणावरच्या आपल्या हातात कोणाचा तरी हात, पलंगाशी बसलेली निःशब्द आकृती, आणि बोटभर हललो तर ही बाधा तुटेल ही जाणीव. तो तिचा उलगडा करत नाही आणि तिला नाकारतही नाही. मोपासाँच्या 'ल ओर्ला'ची दोन रूपे याहून बोलकी आहेत. १८८६ च्या पहिल्या रूपात छातीवर चिरडणारे ओझे अनुभवलेला माणूस आपली हकीकत डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांच्यासमोर मांडतो. १८८७ मध्ये मोपासाँने हे श्रोतेच काढून टाकले. उरली ती रोजनिशी. निदान करणारा कान नाहीसा होताच साक्षीचा भार वाचकावर येतो, आणि विश्वास व अविश्वास यांच्यामध्ये थांबून ऐकण्याची शिस्त त्याला अंगी बाणवावी लागते.

लोकसाहित्याचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी हीच शिस्त संशोधनात आणली. न्यूफाउंडलंडमध्ये 'ओल्ड हॅग' या नावाने हा अनुभव सांगितला जातो. परंपरेत अशी चेटकीण आहे म्हणून लोकांना ती जाणवते, हे गृहीतक हफर्ड यांना टिकताना दिसले नाही. अशी परंपरा ठाऊक नसलेले लोकही तेच तपशील सांगत होते. १९८२ च्या ग्रंथात त्यांनी मांडले की अनुभवाचा गाभा परंपरेतून येत नाही, परंपराच अनुभवातून घडते. अलीकडच्या संशोधनानेही या अनुभवाची व्याप्ती अधोरेखित केली आहे: शार्पलेस आणि बार्बर यांच्या २०११ च्या आढाव्यानुसार सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ७.६ टक्के, तर विद्यार्थ्यांत २८.३ टक्के लोकांना तो आयुष्यात एकदा तरी आलेला असतो.

तथापि अन्वय हा अनुभवावर मागाहून चढवलेला निरुपद्रवी अलंकार आहे, असा निष्कर्ष यातून काढणे घातक ठरेल. १९७५ नंतर लाओसमधून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग निर्वासितांतील निरोगी दिसणारे तरुण पुरुष १९७७ पासून झोपेत अचानक मृत्युमुखी पडू लागले. छातीवर बसणाऱ्या सत्त्वाला ह्मोंग 'दाब त्सोग' म्हणतात. त्यापासून रक्षण करणारे विधी नव्या देशात अनेकांना करता येत नव्हते. अशा मृत्यूंशी निगडित असणारा हृदयाच्या विद्युत्‌वहनातील आनुवंशिक दोष पुढे ओळखला गेला. शेली ॲडलर यांचे प्रतिपादन असे की त्या दोषाला विधिवंचित भयाची जोड मिळाली. हे प्रतिपादन वादग्राह्य असले, तरी त्यासाठी त्यांना प्रथम त्या समाजाची साक्ष ऐकावी लागली, हे विसरता येणार नाही.

सेलमच्या न्यायालयाने साक्ष शब्दशः घेतली आणि एका स्त्रीचा जीव गेला. नंतरच्या शास्त्राने ती गाळली, आणि अनुभव घेणाऱ्यांपुढे मौन किंवा वेडाचा शिक्का एवढेच पर्याय ठेवले. वरकरणी परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही वाचनदोष एकाच गृहीतकावर उभे आहेत: साक्ष एक तर वस्तुस्थिती असते, नाहीतर काहीच नसते. 'मला कोणी जाणवले' आणि 'कोणी होते' ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले पूर्ण खरे मानूनही दुसरे तपासता येते. लाउडरला हा भेद त्याच्या त्या एका दुरुस्तीत कळला होता. त्याच्या श्रोत्यांना तो कळला असता तर दहा जूनची फाशी टळण्याची शक्यता तरी उरली असती.