वृक्क कर्करोगातील महानीला-शस्त्रक्रिया

वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) कर्करोगात अर्बुद काही वेळा वृक्क नीलेत शिरून अधोमहानीलेत व क्वचित हृदयाच्या उजव्या अलिंदापर्यंत सलग वाढत जाते. या वाढीस अर्बुद-कील म्हणतात. सुमारे ४ ते १० टक्के रुग्णांत ती महानीलेत आढळते.

न्यूयॉर्क येथील ए. ए. बर्ग यांनी १९१३ मध्ये महानीला उघडून कील काढण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. तथापि तीव्र रक्तस्राव आणि सुटलेला तुकडा फुप्फुस रोहिणीत अडकण्याचा धोका यांमुळे असे रुग्ण दीर्घकाळ असाध्यच मानले जात. कील पुष्कळदा नीलेच्या भित्तीला न चिकटता पोकळीत मोकळा असतो. तो संपूर्ण काढल्यास दीर्घायुष्य शक्य असल्याचे डी. जी. स्किनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखविले.

शस्त्रक्रियेत प्रथम वृक्क रोहिणी बांधतात. नंतर कीलाच्या वर व खाली महानीला, तसेच दुसऱ्या वृक्काची नीला चिमट्यांनी तात्पुरती बंद करून छेदातून कील अखंड काढतात व छेद शिवतात. अलिंदात पोहोचलेल्या कीलासाठी १९७० च्या सुमारास हृदय-फुप्फुस यंत्र वापरात आले. कीलाच्या उंचीपेक्षा तो पूर्ण निघणे व रोग अन्यत्र पसरलेला नसणे, यांवर रुग्णाचे भवितव्य अधिक अवलंबून असते.